तारापूर, थुंबा आणि एक तिजोरी

बोईसर स्थानकावर उतरून तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या हे सहसा ध्यानी येत नाही की, ज्या सरकारी खात्याने पालघरच्या या किनाऱ्यावर अणुभट्ट्या उभारल्या, त्याच खात्याच्या तिजोरीतून केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावी उच्च वातावरणाच्या संशोधनाचाही पाया घातला गेला. डॉ. होमी भाभा यांच्या अणुऊर्जा खात्याने १९६२ साली डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधन समिती नेमली; १९६३ च्या ऑगस्टमध्ये तारापूरसंबंधी अमेरिकेशी करार झाला आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला थुंब्याहून पहिला अग्निबाण सुटला.

अग्निबाण अमेरिकेचा आणि त्यातील सोडियमच्या बाष्पाचे उपकरण फ्रान्सचे होते. संधिप्रकाशात त्या बाष्पाचा नारिंगी मेघ आकाशात पसरला की त्याची छायाचित्रे घेऊन तेथील वाऱ्याची दिशा व वेग काढीत. फुगे जेमतेम चाळीस किलोमीटरपर्यंत चढतात आणि उपग्रह दोनशेच्या खाली फार काळ टिकत नाहीत. म्हणून या मधल्या थराचे प्रत्यक्ष मापन करावयाचे तर अग्निबाणावाचून गत्यंतर नाही, आणि तोही तेथे काही मिनिटेच असतो. थुंबा चुंबकीय विषुववृत्तालगत असल्याने, सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरून वाहणारा विद्युत्प्रवाह तेथे नेमका माथ्यावर सापडतो.

तारापूरची वीज घराघरांत दिसते, म्हणून तिच्यावरील खर्च कोणालाही पटतो. परंतु सातपाटीचा मच्छीमार भर समुद्रात ज्या जीपीएसच्या भरवशावर वाट काढतो, त्याचे संदेश याच विद्युद्भारित थरांतून येतात आणि तेथील खळबळीने त्यांत चूक शिरते, हे ध्यानी घेतले म्हणजे वरच्या हवेवरील खर्चही उधळपट्टी वाटत नाही.

अडचण मंजुरीच्या मुदतीची आहे. या थरांवर सत्ता सूर्याची, आणि सूर्याचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे. तीन-चार वर्षांच्या अनुदानात त्याची भरती दिसली तर ओहोटी निसटते, आणि एकदा खंडित झालेली नोंद मागाहून कितीही रक्कम ओतली तरी भरून निघत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आली, तेव्हा जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसावा यासाठी काही काळ दोन्हीकडे निरीक्षणे चालू ठेवली गेली. हा दुहेरी खर्च त्या काळच्या सरकारने सोसला, म्हणूनच ती नोंदमालिका आज शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते. तेव्हा उच्च वातावरणाच्या निरीक्षणाची तरतूद किमान एका संपूर्ण सौरचक्रापुरती, अखंड आणि हमीची असली पाहिजे, हा आग्रह करदात्यांनीच आपल्या लोकप्रतिनिधींपाशी धरावा.