ठिपका कुलाब्यात पडतो तेव्हा

खडकीची वॉर सिमेट्री पाहिलीय का? बरेच जण तिथे फोटोसाठी जातात. हिरवळ झकास, दगड एका रेषेत, आणि पुण्यात इतकी शांतता दुसरीकडे मिळते कुठे? मी मात्र तिथल्या हिशेबात अडकलो. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांच्या कबरी इथे आहेत, हे समजलं. पण तिथल्याच स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या 1,800 हून अधिक जणांची नावं आहेत आणि त्यांच्या कबरी खडकीत नाहीत! त्या भारत-पाकिस्तानातल्या छावण्यांच्या जुन्या दफनभूमींत आहेत. तिथे देखभाल जमेना, म्हणून नावं खडकीला आली.

आता आमच्यासारख्या दिवसभर एक्सेलशी संसार करणाऱ्या माणसाच्या डोक्यात यावर एकच विचार येतो: हे सगळं नकाशावर टाकलं तर?

साधन सगळं फुकट आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या याद्या ऑनलाइन शोधता येतात आणि शीट म्हणून उतरवूनही घेता येतात. नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारक. क्यूजीआयएस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरला तारखेचा रकाना दाखवला की ते ठिपके दिवसागणिक पेटवत जातं. एका दिवसाला एक फ्रेम, सेकंदाला दहा फ्रेम... म्हणजे जुलै 1914 ते नोव्हेंबर 1918 हे अख्खं युद्ध अडीच मिनिटांहून थोडं जास्त. एका गाण्यापेक्षाही कमी वेळ!

फक्त एक काम उरतं. प्रत्येक ओळीला अक्षांश-रेखांश द्यायचे. यालाच जिओकोडिंग म्हणतात. आणि सगळी गंमत (खरं तर सगळं दुखणं) इथेच आहे.

स्मारक हे मृत्यूचं ठिकाण नव्हे. आपल्या 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी इराकमधल्या कुत या गावात वेढ्यात अडकल्या होत्या, 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. यादीत अशा माणसापुढे बहुतेकदा ‘बसरा मेमोरियल’ लिहिलेलं असतं, आणि बसरा कुतपासून अडीचशे किलोमीटरहून लांब. त्यात 1997 मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारकच उचलून शहराबाहेर 32 किलोमीटरवर नेलं. म्हणजे माणूस एकीकडे गेला, नाव दुसरीकडे, आणि नाव असलेली भिंत तिसरीकडे.

‘नाव असलेली’ हेसुद्धा मी सवयीने लिहिलं. 1929 मध्ये ते स्मारक उघडलं तेव्हा ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली होती. साध्या हिंदी शिपायांचे पलटणीच्या नावाखाली नुसते आकडे! अशी असमान वागणूक दिल्याची माफी कमिशनने 2021 मध्ये मागितली. आज ही नावं त्यांच्या यादीत सापडतात. पण भिंतीवर आकडा लिहून मोकळं झालेल्यांना आपण नकाशावर तरी ठिपका देतोय, तर तो नीट नको का पडायला?

अनेक शिपायांपुढे ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, जिल्हा तमुक’ असा मजकूर असतो. सोन्यासारखी माहिती. मी तो रकाना मोठ्या आशेने कॉम्प्युटरला खाऊ घातला. रायगड जिल्ह्याचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? महाड-माणगावकडचे शिपाई त्याने थेट मुंबईच्या कुलाब्यात, कॉजवेवर नेऊन उभे केले. सांगलीची गावं तेव्हा साताऱ्यात, सिंधुदुर्गची रत्नागिरीत. शिवाय भोर, फलटण, औंध ही संस्थानं वेगळीच. स्पेलिंग इंग्रज साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. आणि वडगाव? रिक्षावालासुद्धा आधी ‘बुद्रुक, शेरी की मावळ?’ विचारतो. कॉम्प्युटर विचारत नाही, पहिलं दिसेल ते उचलतो.

कोयनेकाठची गावं तर आणखी अवघड. 1960 च्या दशकात तिथली कितीतरी गावं धरणात गेली. अचूक जागा शोधली की ठिपका शिवसागराच्या पाण्यात पडतो. मी तो तिथेच ठेवतो. पुनर्वसनाच्या नव्या गावठाणातून तो माणूस निघालाच नव्हता ना!

व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्याचीही यातून सुटका नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, वय 22. कबर ठाऊक नाही, म्हणून नाव कॅसिनोच्या स्मारकावर. ते लढाईच्या जागेपासून दोनशे किलोमीटरहून दूर! त्यांच्यासाठी मी दोन ठिपके जोडले आहेत: एक माणगाव तालुका, जिथे त्यांचा पुतळा आहे, आणि दुसरा मोंटोने, जिथे 2023 च्या जुलैत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. हे जमलं कारण माणूस प्रसिद्ध. बाकीच्यांचं काय?

पंजाबला एक घबाड मिळालं. लाहोरच्या संग्रहालयातल्या, गावागणिक लिहिलेल्या नोंदवह्यांतून सुमारे 3 लाख 20 हजार सैनिकांची माहिती 2021 पासून डिजिटल होऊ लागली. आपल्याकडे मी गावोगावच्या दगडांवर भिस्त ठेवली आहे. इथून इतके लोक महायुद्धाला गेले, इतके परतले नाहीत, अशी पाटी कित्येक गावांत असते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावाचे एकट्या पहिल्या महायुद्धात 46 जण गेले. आता गंमत बघा, दगडावरही बहुतेकदा आकडाच. इकडे गावात आकडा, तिकडे बसऱ्याला आकडा, आणि मधल्या यादीत नाव. तीनही जुळले की एक ठिपका पक्का होतो. माझा वेग: चांगल्या रविवारी आठ-दहा.

तेव्हा पुढच्या लाँग वीकएंडला गावी जाल, तर चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर अशी पाटी आहे का बघा. फोटो काढा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला वाडीचं जुनं नाव विचारा, कारण ते कुठल्याच ऑनलाइन नकाशात नसतं. आणि कुणाचं गाव खेड असेल, मग ते पुण्याचं असो की रत्नागिरीचं, तर त्यांनी जरा जास्तच खोदून विचारा. माझ्या शीटमध्ये नुसतं ‘खेड’ लिहिलेल्या ओळी अजून पिवळ्याच आहेत.