तोंडात आरसा जाताच येणारे उमासे

दातांच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला की मुलाला उमासे येतात आणि आई ओशाळून दटावते, ‘नाटकं करू नकोस!’ ती नाटकं नसतात. जिभेचं मूळ, मऊ टाळू किंवा घशाची मागची भिंत यांना स्पर्श झाला की मेंदूच्या तळाशी संदेश जातो आणि घसा आकसतो. श्वासनलिकेत काही जाऊ नये म्हणून शरीराने ठेवलेला हा पहारा आहे. भीतीने तो अधिकच तिखट होतो. नाक चोंदलेलं असलं तरी तसंच होतं.

सर्वांत जास्त त्रास होतो तो मागच्या दाढांचा एक्स-रे किंवा दातांचं माप घेताना. मग डॉक्टर मुलाला सरळ बसवतात, नाकाने श्वास घ्यायला, एक पाय उचलून धरायला सांगतात. लक्ष पायाकडे गेलं की उबळ ओसरते. मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही पद्धत. आरसा आधी नखावर टेकवायचा, मग ओठाला, मग दाताला. याला वेळ लागतो, तो द्यावाच.

मुलाचे दात दाखवायला मुंबईतल्या करी रोडकरांना सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय सोयीची आहेत. दोन्हीकडे मुलांच्या दातांचा विभाग आहे. निघताना मुलाला पोटभर जेवू घालू नका, आणि उमाशांची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.