कढीलिंबावरचे बहुरूपी

कढीलिंबाचा जो वास आपल्याला फोडणीत हवा असतो, तो झाडाने आपल्यासाठी घडवलेला नाही. पानांतल्या या उग्र द्रव्यांमुळे बरेचसे किडे त्यांच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी मात्र असेच झाड शोधत येते. पानावर उतरून ती पुढच्या पायांनी झपाझप टकटक करते. चव घेणारे अवयव तिच्या पायांत असतात. पानातली रसायने पटली की एकच बारीक पिवळसर अंडे चिकटवून ती पुढे जाते. कढीलिंब, लिंबू, बेल एकाच कुळातले, म्हणून अळी या तिन्हींवर सापडते.

लहानपणी ही अळी हुबेहूब पक्ष्याची शीट वाटते, मोठेपणी पानाइतकी हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून लालसर दुबेळके शिंग बाहेर काढून उग्र दर्प सोडते.

खरे नवल मात्र पंख फुटल्यावरचे. सगळे नर एकसारखे काळे-पांढरे. माद्यांची रूपे मात्र आपल्याकडे तीन. एक नरासारखे, दुसरे कॉमन रोझसारखे, तिसरे क्रिमझन रोझसारखे. ही दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरे अळी असताना सापसंदाच्या वेलीवर वाढतात आणि तिचे विष अंगात साठवतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या नादी लागत नाही. मॉर्मनच्या मादीत विष नाही, नुसता वेष आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५मध्येच, मलय प्रदेशातल्या फुलपाखरांवर लिहिताना, एकाच जातीच्या माद्यांची ही निरनिराळी रूपे उलगडली होती. ती ठरतात कशी, याचे उत्तर २०१४मध्ये ‘नेचर’मधल्या शोधनिबंधात मिळाले. कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हा सगळा पालट ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकावर फिरतो. कीटकांत नर-मादीतले फरक घडवणारे हे जनुक इथे सोंगाच्या कामीही आले आहे. मला तरी जीवशास्त्रातली याहून देखणी काटकसर ठाऊक नाही.

सोंग चालायचे तर मूळ पात्र आसपास हवे. जपानच्या दक्षिणेकडील मियाको बेटांवर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कॉमन रोझ नव्याने येऊन स्थिरावले, आणि त्यानंतर तिथल्या मॉर्मनमध्ये त्याची नक्कल करणाऱ्या माद्यांचे प्रमाण वाढले.

म्हणजे कुंडीतल्या कढीलिंबावर वाढलेल्या मादीची सुरक्षितता कुठल्याशा कुंपणावरच्या किंवा डोंगरउतारावरच्या वेलीशी बांधलेली असते. सापसंद औषधी म्हणून खणला जातो, झाडी साफ करताना तोडलाही जातो. (त्यातल्या अॅरिस्टोलोचिक आम्लाने मूत्रपिंडे निकामी होतात, कर्करोगही होतो, घरगुती औषध म्हणून तो घेऊच नये.) कढीलिंबावर अळी दिसली की लोक फवारणीचा पंप काढतात. त्याची गरज नसते. चांगले मुरलेले झाड चार फांद्यांची पाने गमावूनही पुन्हा पालवते. झाड अगदीच लहान असेल तर अळी अलगद उचलून लिंबाच्या पानावर ठेवावी. ती तिथेही खाते.