पिल्लू जेवत का नाही?

घाना, टोगो, बेनिनमध्ये बॉल पायथन हा अजगर दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडून असतो. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. अशा प्राण्याला चारी बाजूंनी पारदर्शक काचपेटी म्हणजे भर चौकातलं बिऱ्हाड! तिथे भेदरलेलं पिल्लू जेवत नाही.

म्हणून पेटीत दडायला दोन जागा हव्यात: एक उबेच्या टोकाला, साधारण ३१-३२ अंश सेल्सिअसला, दुसरी थंड टोकाला. दोन्ही अंगाला घासतील इतक्या अरुंदच बऱ्या; प्रशस्तपणा माणसांना आवडतो.

नव्या पिल्लाला आठवडाभर हात लावू नये. मग रात्री, दिवे मालवून, त्याच्या अंगाच्या जाडीएवढा, गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्याने पुढे करावा. नाकारला, तर पाच-सहा दिवस थांबावं. वजन घटू लागलं, तर मात्र पशुवैद्य गाठावा.