वजन उतरल्यानंतरची सैल त्वचा

संघाच्या स्मरणिकेत भावबाजार, कर आणि वाहतूक यांविषयीचे लेख दरवर्षी येतात व ते यावयासच हवेत. यंदा मात्र आम्ही अशा विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत, की ज्याची चर्चा पेढीवर कधीच होत नाही आणि घरातही ती दबक्या आवाजातच होते. आमच्या व्यवसायात बैठे काम फार. गादीवर बसले की दिवस कसा जातो ते कळत नाही. त्यामुळे स्थूलपणा व त्याच्या पाठोपाठ मधुमेह आणि रक्तदाब हे विकार व्यापारी कुटुंबांत घर करून बसले आहेत. त्यावर पोटाची शस्त्रक्रिया करून घेणारांची संख्या आता लहान गावांतही वाढत आहे. परंतु वजन उतरल्यावर मागे जी सैल त्वचा राहते, तिच्याविषयी आधी कोणी सांगत नाही आणि नंतर कोणी विचारीत नाही.

वांकिडी हे आमचे गाव. राजुऱ्याकडून आसिफाबादला जाताना महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर ते लागते. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. राज्य तेलंगणाचे असले, तरी सोयरीक आणि औषधोपचार यांसाठी आमच्यासारख्या कुटुंबांचे पाय चंद्रपूर-नागपूरकडेच वळतात. आम्हीही नागपुरासच शस्त्रक्रिया करून घेतली. जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याचा तो प्रकार होता. दुकानातल्या काट्यावर पूर्वी आमचे वजन १२६ किलो भरत असे. चौदा महिन्यांनी ते ७८ किलो भरले. म्हणजे जवळजवळ अर्धा क्विंटल भार उतरला. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, जिना चढताना लागणारी धाप थांबली. याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.

परंतु स्नानाच्या वेळी जे दिसे, त्याची मनाची तयारी नव्हती. पोटावरची कातडी एखाद्या रिकाम्या गोणीसारखी मांडीवर लोंबत असे. दंडाखालीही तसेच. गिऱ्हाईक विचारी, “शेठजी, आजारी होता काय?” आम्ही हसून विषय बदलीत असू. पावसाळा लागला तेव्हा पोटाच्या घडीखाली घाम साचून त्वचा लाल झाली, पुढे चिघळली व दुर्गंधी येऊ लागली. तरीही एक महिना आम्ही ते कोणासही दाखविले नाही. अखेर धोतराला लागलेला डाग आमच्या घरातून पाहण्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी आम्हांस चंद्रपुरास त्वचारोगतज्ज्ञांकडे नेण्यात आले. ती बुरशी होती. औषधाने तीन आठवड्यांत बरी झाली. लाजेपायी महिनाभर सोसले, ते सारे व्यर्थ होते.

त्वचा अशी का सैल राहते, हे तेथे कळले. तिच्या आतल्या थरात कोलाजेन व इलास्टिन नावाचे तंतू असतात. पहिल्यामुळे बळकटी येते, दुसऱ्यामुळे लवचिकपणा. वर्षानुवर्षे ताण पडला म्हणजे हे तंतू तुटतात आणि प्रौढ वयात इलास्टिन फारसे नव्याने तयार होत नाही. वय जितके अधिक, स्थूलपणा जितका जुना व उतरलेले वजन जितके मोठे, तितकी त्वचा कमी आवळते. तंबाखूने तिची आणखी हानी होते. व्यायामाने स्नायू भरतात व अंग काहीसे सुडौल दिसते, पण लोंबणारी कातडी त्याने नाहीशी होत नाही. मलमे आणि तेले यांच्या जाहिरातींवर पैसा घालविणे तर निव्वळ नुकसानीचा सौदा होय.

येथे जैन वाचकांस एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. त्वचा घट्ट करण्यासाठी म्हणून विकली जाणारी कोलाजेनची पूड ही जनावरांच्या अथवा मासळीच्या कातडी-हाडांपासून काढलेली असते. जीवनसत्त्वांच्या कित्येक कॅप्सूलांचे वेष्टनही जिलेटिनचे असते. घेण्यापूर्वी डबीवरील हिरवे अथवा तपकिरी चिन्ह पाहावे व औषधविक्रेत्यास स्पष्ट विचारावे. गोळीच्या रूपात पर्याय बहुधा मिळतो.

आहाराचेही तसेच. शस्त्रक्रियेनंतर दररोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. न गेल्यास स्नायू झडतात, केस गळतात आणि जखम भरत नाही. जठर लहान झालेले, त्यात चौविहार पाळावयाचा, म्हणजे सूर्यास्तापूर्वीच सारे बसवावे लागते. मुगाचे वरण, दही, पनीर, ताक हे थोडे थोडे, पाच-सहा वेळा घेण्याचा क्रम आम्ही लावून घेतला. पाणीही घोटाघोटाने, जेवणापासून अर्धा तास अंतर ठेवून. पहिल्या काळात निर्जळ उपवास करणे धोक्याचे असते. पर्युषणात अठाईचा आग्रह धरण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. उणोदरी हेही तपच आहे आणि ते तर अशा रुग्णाकडून रोजच घडते. लोह, ब-१२ व ड जीवनसत्त्व यांची रक्ततपासणी मात्र नियमाने करावी.

घडीखालची त्वचा रोज धुऊन पूर्ण कोरडी करावी, घडीत स्वच्छ सुती कापड ठेवावे, आणि चालताना पोटाला आधार देणारा पट्टा बांधावा. आमच्या भागातील उन्हाळ्यात हे दिवसातून दोनदा करावे लागते. पुष्कळांचे एवढ्यावर भागते व त्यांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पडत नाही.

ज्यांना ती हवी असेल त्यांनी घाई करू नये. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने जावेत आणि वजन काही महिने एका जागी स्थिर राहावे. तंबाखू व धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद हवे. ज्या भगिनींना पुढे मूल हवे आहे, त्यांनी पोटाची त्वचा काढण्याचे काम त्यानंतरच करावे. पोटावर कमरेपासून कमरेपर्यंत व्रण राहतो, तो जन्माचा. जखम उसवणे, त्वचेखाली पाणी साचणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे हे धोके आहेत. पुढे काही आठवडे पट्टा वापरावा लागतो व जड ओझे उचलता येत नाही. आम्ही पोटाची शस्त्रक्रिया करविली. साडेतीन किलो त्वचा निघाली. दंड तसेच राहू दिले; पूर्ण बाहीच्या सदऱ्यात ते झाकतात, आणि न झाकले तरी आता खंत वाटत नाही.

खर्चाविषयी व्यापाऱ्यास सांगणे न लगे, तरी सांगतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरविलेल्या प्रमाणित शब्दयोजनेनुसार स्थूलपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च अटींवर मिळू शकतो. केवळ रूप सुधारण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा मिळत नाही. वैद्यकीय गरज असल्यास विचार होऊ शकतो. म्हणून घडीखालच्या जखमांच्या उपचारांची नोंद, चिठ्ठ्या व छायाचित्रे जपून ठेवावीत, आणि विमा कंपनीचे उत्तर आधी लेखी घ्यावे.

हे सारे चैनीचे आहे, असे कोणी म्हणेल. पण त्वचा हलवून माणसास पुन्हा समाजात उभे करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. पुण्यात कावसजी नावाच्या एका बैल हाकणाऱ्याचे कापलेले नाक कपाळाची त्वचा वळवून नव्याने घडविले गेले, त्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली आणि युरोपातील शल्यवैद्यांनी तिच्यापासून धडा घेतला. स्थूलपणावरील शस्त्रक्रियेतही लपविण्यासारखे काही नाही. नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ती मुंबईत करून घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे.

सभासद बंधु-भगिनींना आमची एवढीच विनंती. घरात कोणी अशी शस्त्रक्रिया करून घेणार असेल, तर सैल त्वचेची गोष्ट आधीच मोकळेपणाने बोलावी. करून घेतली असेल, तर त्याच्या लोंबत्या दंडाकडे पाहून थट्टा करू नये. तो माणूस मोठा भार उतरवून आलेला आहे. आणि अंगावर काही चिघळत असेल, तर आमच्याप्रमाणे महिनाभर वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.