पुडीत लपलेली गोळी

सांधेदुखीचं चूर्ण घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी गुडघे मोकळे झाले, तर शंका घ्यावी आणि ती प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. वनस्पतीचा गुण सावकाशच येतो असा काही नियम नाही. सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइन हिवताप उतरवतं, अफू वेदना झटपट शमवते. म्हणून वेग हा पुरावा नव्हे, इशारा मात्र नक्की आहे. आजवरच्या तपासण्यांत लपवलेली द्रव्यं रोगानुसार जवळपास ठरलेली निघाली आहेत: सांधेदुखीच्या आणि दम्याच्या पुड्यांत डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं, कुठे डायक्लोफेनॅक, मधुमेहाच्या चूर्णात ग्लिबेनक्लामाइड, वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलांत भारताने २०११ मध्ये बंदी घातलेलं सिब्युट्रामिन, 'शक्तिवर्धक' गोळ्यांत सिल्डेनाफिल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २००७ ते २०१६ या दहा वर्षांच्या नोंदींत अशी भेसळ असलेली ७७६ आहारपूरकं आहेत आणि त्यांतल्या १५७ मध्ये एकाहून अधिक छुपी द्रव्यं होती.

'थोडंसं असलं तर काय बिघडलं, माणसाला आराम तर पडतो ना?' असं विचारलं जातं. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत जिला रोज शेतात वाकायचं आहे, त्या बाईला आराम हवाच. पण डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी पाच ग्रॅम चूर्णात मिसळली, तर ती वजनाने दहा हजारांत एक भाग होते. ती डोळ्यांना दिसत नाही, शरीराला मात्र कळते. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम थांबवतात. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि एक दिवस पुडी संपली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, पण मात्रा ठरवून, आणि दीर्घकाळ दिलं असेल तर हळूहळू कमी करत. पुडीवर नावच नसेल, तर कमी काय करायचं? सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० जण रक्तातली साखर घसरून रुग्णालयात आले. सात बेशुद्धावस्थेत गेले, चार दगावले. त्यांनी घेतलेल्या लैंगिक शक्तीच्या गोळ्यांत आणि वनौषधींत ग्लिबेनक्लामाइड निघालं.

हे द्रव्य शोधायचं कसं? चूर्णात शेकडो नैसर्गिक रसायनं असतात, त्यामुळे आधी ती वेगळी करावी लागतात. सगळ्यांत स्वस्त वाट म्हणजे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी. काचेवरच्या सिलिकाच्या थरावर चूर्णाच्या अर्काचा थेंब आणि शेजारी शुद्ध औषधाचा थेंब ठेवायचा. द्रावक वर चढताना दोघांचे ठिपके सारख्याच उंचीवर पोचले, तर संशय बळावतो. पक्कं उत्तर मास स्पेक्ट्रोमीटर देतो, कारण तो रेणूचं वजन मोजतो आणि रेणू फोडून त्याचे तुकडेही तोलतो. डायक्लोफेनॅकमध्ये क्लोरीनचे दोन अणू असतात. निसर्गात क्लोरीन हलका आणि जड अशा दोन रूपांत साधारण तीनास एक या प्रमाणात आढळतो, त्यामुळे डायक्लोफेनॅकची खूण यंत्रावर २९६, २९८, ३०० अशा उतरत्या पायऱ्यांनी उमटते. पण यंत्र सर्वज्ञ नाही. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन यांचं वजन अगदी एकच. फरक एका मिथाइल गटाच्या दिशेचा. तिथे आधी नीट वेगळं करणारी क्रोमॅटोग्राफीच उपयोगी पडते. भेसळ करणारेही हुशार आहेत. सिल्डेनाफिलच्या रेणूला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन जोडून होमोसिल्डेनाफिल करतात. वजन १४ ने वाढतं, आणि ठरावीक यादीशी ताडून पाहणारी चाचणी त्याला सोडून देते. फोडल्यावर मात्र काही तुकडे मूळ औषधाचेच निघतात. म्हणून यादीपुरतं न शोधता अनोळखी रेणूचं कूळ ओळखणारी तपासणी हवी.

'ही आयुर्वेदाची बदनामी आहे' असा आक्षेप येतो. मला तो उलटा वाटतो. ज्या पुडीत डेक्सामेथासोन आहे ती आयुर्वेदाची नव्हेच, आणि तिच्यामुळे पहिला मार बसतो तो सचोटीने गुग्गुळ देणाऱ्या वैद्याला, कारण त्याचं औषध बाजारात 'मंद' ठरतं. १९४० च्या औषध कायद्यातही आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी वेगळं प्रकरण आहे आणि त्यात भेसळीची व बनावट औषधाची व्याख्या आहे. गांधीजींना निसर्गोपचाराची ओढ किती होती हे सर्वांना ठाऊक आहे. पण १९२१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन करताना त्यांनी आधुनिक वैज्ञानिकांच्या संशोधनवृत्तीचा गौरव केला आणि वैद्य-हकिमांत ती कमी आहे असं स्पष्ट सांगितलं. १९३६ मध्ये ते ज्या शेगावात राहायला आले, त्याच गावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचं कस्तुरबा रुग्णालय खेड्यातल्या रुग्णांना पाहत आहेत.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. महागडी यंत्रं तालुक्या-तालुक्यात बसणार नाहीत, पण तशी गरजही नाही. पहिली चाळण बाह्यरुग्ण विभागातच लागू शकते. स्टेरॉइड लिहून दिलेलं नसताना चेहरा गोल झालेला आणि अधिवृक्क ग्रंथींचं कॉर्टिसोल रक्तात तळाला गेलेलं, किंवा मधुमेह नसताना साखर एकाएकी उतरलेली, असा रुग्ण हाच भेसळीचं पहिलं शोधयंत्र असतो. सिंगापूरमध्येही सुगावा रुग्णांवरूनच लागला. सेवाग्रामसारख्या ठिकाणी एवढं करता येईल: रुग्णाला न रागावता विचारायचं, 'आणखी काय घेता?' चूर्ण असेल तर वेष्टनासकट मागवायचं, अर्धं सीलबंद ठेवायचं, उरलेल्याची काचेवर चाचणी करायची आणि संशयित नमुनाच तेवढा मोठ्या यंत्राकडे पाठवायचा. महाराष्ट्रात अन्न आणि औषध ही दोन्ही खाती एकाच प्रशासनाकडे असल्याने, पुडीवर 'औषध' लिहिलंय की 'आहारपूरक' यावरून तक्रार इकडून तिकडे फिरण्याचं कारण नाही. आणि निकाल येईपर्यंत कापूस वेचणाऱ्या त्या बाईला 'पुडी आजच फेकून द्या' असं सांगायचं नाही. आधी डॉक्टरांनी मोजून स्टेरॉइड सुरू करायचं, मग पुडी थांबवायची.