आधी अर्थिंग, मग ग्राफिक्स कार्ड

वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, कुठल्याही गावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेमिंग पीसी करायला आलेला मुलगा पहिल्यांदा एकच विचारतो, "भाऊ, ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकू?" प्रश्न चुकीचा नाही. एकूण खर्चातला तिसरा हिस्सा, कधी निम्मासुद्धा, त्या एका कार्डात जातो. पण मुंबई-दिल्लीच्या मुलांचे व्हिडिओ पाहून केलेली यादी जशीच्या तशी इथे आणली की ती आपल्या विजेपुढे, उन्हापुढे आणि धुळीपुढे टिकत नाही. आपल्याकडे पार्ट निवडण्याचा क्रम उलटा लावावा लागतो. भिंतीतल्या सॉकेटपासून सुरुवात करायची आणि ग्राफिक्स कार्डापर्यंत शेवटी पोचायचं.

सुटे पार्ट जोडून कॉम्प्युटर करायची सोय मुळात आयबीएमची. ऑगस्ट १९८१ मध्ये त्यांनी बाजारात आणलेल्या पीसीची रचना खुली होती, त्यामुळे कुणीही त्याला चालेल असं कार्ड किंवा बोर्ड बनवू शकत होतं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं, आणि बोर्ड एका कंपनीचा, कॅबिनेट दुसऱ्याचं, एसएमपीएस (आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) तिसऱ्याचा असं जमू लागलं. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तेव्हा असेंबल्ड कॉम्प्युटर हे गरिबाचं ब्रँडेड मशीन होतं. पुढे सायबर कॅफे आले, एमएस-सीआयटीची केंद्रं आली आणि त्याच मशीनवर, सर बाहेर गेले की, व्हाइस सिटी हा गेम चालू लागला. आज गणित पालटलंय. हौशी माणूसच असेंबल करतो, बाकीचे लॅपटॉप घेतात. आणि बहुसंख्य पोरं तर मोबाइलवरच बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळतात. पीसीकडे वळतो तो त्यातला हट्टी.

आता सॉकेट. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक मुंग्या येतात, अनवाणी असलं की जास्त, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. "थोडा करंट मारते, बाकी मस्त चालते," असं म्हणून लोक चप्पल घालून गेम खेळतात. एसएमपीएस बिघडलेला नसतो. त्याच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याकडे. त्यांतून पत्र्यावर येणारी गळती थेट जमिनीत जावी म्हणून तिसरी, जाड पिन असते. ती पिन भिंतीत कुठेच जोडलेली नसेल तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे सव्वाशेच्या आतबाहेर व्होल्टचा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी किरकोळ, म्हणून जीव जात नाही. पण मॉनिटरची केबल किंवा यूएसबी लावता-काढताना हाच दाब पोर्टवर झेपावतो, आणि पोर्ट गेलं की दुकानदार "शॉर्ट झालं" एवढंच सांगतो.

तपासणी सोपी आहे, पण ती वायरमनकडून करून घ्यावी. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास व्होल्ट दिसले आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एखाद-दोन, तर काम झालं. नाहीतर खड्डा, कोळसा, मीठ आणि पाइप. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव इथे लक्षात ठेवायला हवा. ओली असताना ती वीज उत्तम ओढून घेते. एप्रिल-मेमध्ये भेगाळली की पाइपभोवती पोकळी होते आणि पावसाळ्यात चोख असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतणं हा त्यावरचा जुना आणि खरा उपाय. काही वायरमन मात्र खड्डा टाळून सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून देतात. मुंग्या लगेच थांबतात, ग्राहक खूश. पण खांबावरचा न्यूट्रल तुटला की तोच पत्रा पूर्ण २३० व्होल्टचा होतो. असं काम कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

त्यानंतर एसएमपीएस. यादीत सगळ्यात जास्त कात्री याच ओळीवर चालते, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. स्वस्त कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’ छापलेला डबा फुकट येतो; तो हातात घेऊन पाहिला की हलका लागतो, वायरी बारीक असतात, ग्राफिक्स कार्डाची पिन एखादीच, नाहीतर नसतेच. तो ऑफिसच्या टायपिंगला ठीक. गेमिंगसाठी नामांकित कंपनीचा, ‘८० प्लस ब्राँझ’ शिक्क्याचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. ‘८० प्लस’ची योजना २००४ पासून आहे. ब्राँझ म्हणजे निम्म्या भारावर घेतलेल्या विजेतली साधारण ८५ टक्के पार्टांपर्यंत पोचते. डब्यावरची आणखी एक ओळ वाचायची. इनपुटपुढे १००-२४० व्होल्ट लिहिलंय की २००-२४०? भारतात येणारे बरेच स्वस्त एसएमपीएस दुसऱ्या प्रकारचे असतात. शहरात फरक पडत नाही. पण रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, मोटरी लागल्या आणि गावातला दाब उतरला, की २०० वाला गप्प बसतो, १०० वाला चालत राहतो.

वॅटचा हिशेब फार मोठा नाही. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं, आरटीएक्स ४०६० कार्डावर ११५. बोर्ड, पंखे, एसएसडी, मॉनिटर धरूनही सगळं मिळून ३०० वॅटच्या आत बसतं. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला सुमारे २७ युनिट. महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतर दर चढतो, त्यामुळे ज्या घराचं बिल ८०-९० युनिटवर थांबायचं तिथे बाबांना या छंदाची बातमी आपोआप कळते.

वीज गेली की काय, हा पुढचा प्रश्न. एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनही पुरं नाही. घरच्या इन्व्हर्टरवर मागे एक बटण असतं. ते ‘यूपीएस’वर असेल तर इन्व्हर्टर दहाएक मिलिसेकंदांत बदलतो आणि गेम चालू राहतो, ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’वर असेल तर त्याला जास्त वेळ लागतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. हे बटण बघायच्या आधी लोक नवा यूपीएस विकत घेतात. इन्व्हर्टर जुन्या चौकोनी लहरीचा असेल तर मात्र त्यावर हे मशीन लावू नये. शुद्ध साइन वेव्हचा हवा. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो. खेळायला नव्हे, सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरे.

मेमध्ये वेगळीच परीक्षा. वाशिम अकोल्यापेक्षा उंचावर, म्हणून थोडं सुसह्य, तरी पारा चाळिशी ओलांडतोच. पंख्याचा कूलर कितीही महाग असला तरी तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानावर ठरावीक अंश चढणारच. जानेवारीत जे मशीन ६५ अंशांवर रमतं, ते मेमध्ये नव्वदीला टेकतं, आणि ९० ते १०० च्या दरम्यान प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. गेम अडखळतो, पोरगा नेटला शिव्या देतो. यावर पाण्याचा एआयओ कूलर लागत नाही. ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधा टॉवर कूलर आणि तुरीच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट बस झाली. घरातला पाण्याचा कूलर खोलीला जरूर लावा, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. त्यातल्या तुषारांतला क्षार बोर्डावर पांढरा थर धरतो.

कॅबिनेट घेताना समोर काच आणि आत सात रंगांचे दिवे हा मोह सगळ्यांना होतो. समोर जाळी हवी, काच नको. सोयाबीनच्या काढणीत, मळणीयंत्रं फिरायला लागली की भुशाची बारीक धूळ बंद खोलीतही येते. जाळीमागे काढता-धुता येणारा फिल्टर, हवा आत घेणारे दोन पंखे आणि बाहेर टाकणारा एक, अशी मांडणी केली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि धूळ फटींतून शिरत नाही. दिवाळीच्या सफाईत ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लावतं.

एवढं झालं की मगच प्रोसेसर आणि कार्ड. इथे मी फार वाद घालणार नाही. इंटेलचा आय५-१२४००एफ घ्या किंवा एएमडीचा ५६००, साध्या फुल एचडी मॉनिटरसमोर दोघांतला फरक दिसत नाही. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, फोरकेवर त्याच्या चौपट. कार्डाची किंमत त्या ठिपक्यांच्या मागे पळते. आपल्या बजेटला फुल एचडीच शोभतं. पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर रायझन ५ ५६००जी घ्यावा. त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे, व्हॅलोरंटसारखा गेम त्यावर व्यवस्थित चालतो आणि कार्ड पुढच्या हंगामात टाकता येतं. त्याची कॅश मेमरी ५६०० च्या निम्मी, १६ एमबी, म्हणून पुढे कार्ड टाकल्यावर थोडा मागे पडतो, एवढं माहीत असू द्या.

जुनं कार्ड घेताना जपून. २०२१ मध्ये इथेरियम हे आभासी चलन खोदणाऱ्यांनी जगभरची कार्डं उचलली आणि भाव दुप्पट झाले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवर खोदण्याची ती पद्धत सोडली आणि रात्रंदिवस राबलेली तीच कार्डं जुन्या बाजारात आली. ऑफिसांतून निघालेली जुनी मशीनंही स्वस्तात मिळतात. त्यात कार्ड टाकून गेमिंग करायचा बेत मला पटत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय उघडत नाही.

रॅमचं सध्याचं दुखणं आपल्या हातात नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी ओढल्यामुळे २०२५ च्या शेवटी भाव कडाडले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तरी १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात. चार खाचांच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. मॉनिटरची केबल बोर्डात न लावता कार्डात लावायची. हसू नका, "कार्ड टाकलं तरी गेम तसाच" या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

खरेदी कुठे करायची यावर माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. ऑनलाइन, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा नागपूरची सीताबर्डी, इथे भाव दोन पैशांनी कमी मिळेल. पण कार्ड बिघडलं की अकोला, अमरावती, नागपूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठायचं किंवा कुरिअर करायचं, आणि त्या वेळी जवळचा दुकानदार कामी येतो. एसएमपीएस आणि बोर्ड गावच्या दुकानातून घ्या, कार्ड हवं तर बाहेरून. बिल स्वतःच्या नावाने, १८ टक्के जीएसटीसह पक्कं घ्या आणि प्रत्येक पार्टाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. खोकी माळ्यावर टाका, रद्दीत देऊ नका. आणि वॉरंटीचा कागद नीट वाचा: जळालेला पार्ट बहुतेक कंपन्या बदलून देत नाहीत.